विद्येकडून उद्योगाकडे : बंगळूरचे एक शतक

बंगळूर शहराच्या वायव्येस, मल्लेश्वरम आणि यशवंतपूर या वस्त्यांना लागून, गर्द वृक्षराजीने वेढलेला एक विस्तीर्ण परिसर आहे. त्याचे अधिकृत नाव भारतीय विज्ञान संस्था असे आहे. परंतु जुने बंगळूरकर आणि रिक्षावाले तिला आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणूनच ओळखतात. लोकांच्या जिभेवर राहिलेल्या या नावात एक इतिहास दडलेला आहे. ही विद्येची वास्तू एका कारखानदाराने कल्पिली होती. आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी काय करावे, हा प्रश्न तिच्या जन्मापूर्वीच उपस्थित झाला होता. पदवी घेतलेल्या माणसाने नोकरी शोधावी, की चार जणांना नोकरी देईल असा उद्योग उभारावा? आणि उद्योग उभारावा असे म्हटले, तर ती विद्या शिकवता येते काय?

आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' अशी म्हण शतकानुशतके चालत आली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि पाहता पाहता या म्हणीचा क्रम उलटा झाला. कनिष्ठ ठरवलेली नोकरी उत्तम झाली. पदवी म्हणजे कचेरीच्या दारात शिरण्याचा परवाना झाला. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या वृत्तीला देणे अन्यायाचे होईल. त्या काळी सुशिक्षित माणसापुढे सरकारी खाते, वकिली आणि शिक्षकी यांवाचून फारशा वाटाच नव्हत्या. व्यापार जातीजातींच्या घरांतून चाले, भांडवल नातेवाइकांच्या विश्वासावर उभे राही आणि कारखान्यांची यंत्रे व ती चालवणारे तज्ज्ञ सातासमुद्रापलीकडून येत. विद्यापीठ आणि पेढी यांच्यामध्ये एक रुंद नदी वाहत होती. तिच्यावर पूल बांधण्याचे जे प्रयत्न या देशात झाले, त्यांतले कितीतरी बंगळूर शहरी झाले. म्हणूनच या शहराची कहाणी ऐकण्यासारखी आहे.

जमशेटजी टाटा हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. गिरण्यांच्या धंद्यात संपत्ती मिळवल्यावर त्यांच्या मनात विचार आला तो संशोधनाच्या विद्यापीठाचा. त्यांनी आपले सहकारी बर्जोरजी पादशाह यांना परदेशातील संस्था पाहण्यास पाठवले, आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा या कार्यासाठी देऊ केला आणि १८९८ च्या नोव्हेंबरात स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून त्यांचेही साहाय्य मागितले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ रोजी, या योजनेचा आराखडा नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आला. कर्झनसाहेबांनी दोन शंका काढल्या. एवढे उच्च शिक्षण घेण्यास योग्य विद्यार्थी मिळतील काय, ही पहिली. आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोठे मिळेल, ही दुसरी.

दुसरी शंका वरवर पाहता तुच्छतेची वाटते. पण तिच्यात एक कठोर सत्य होते. ज्या देशात रसायनांचे कारखाने नाहीत, तेथे रसायनशास्त्रज्ञ घडवून त्याला कोठे बसवावयाचे? कर्झन यांना अभिप्रेत असलेला क्रम असा, की आधी उद्योग निघावेत आणि मग त्यांना माणसे पुरवावीत. जमशेटजींचा क्रम नेमका उलटा होता. आधी माणसे घडवावीत. ती माणसेच उद्योग काढतील. पुढील शंभर वर्षांचा वाद या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

१९०० साली सर विल्यम रॅमझे हे विख्यात रसायनशास्त्रज्ञ पाहणीसाठी हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बंगळूरची निवड सुचवली. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली. या साऱ्या खटपटीत वर्षे गेली. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. संस्था अस्तित्वात आली ती १९०९ साली आणि विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली ती १९११ च्या जुलैत. मॉरिस ट्रॅव्हर्स हे तिचे पहिले संचालक. सामान्य रसायन, उपयोजित रसायन आणि विद्युत तंत्रशास्त्र या विषयांनी शिक्षणाचा आरंभ झाला. या विषयांची नावेच सांगतात, की संस्थापकाची दृष्टी कारखान्याच्या धुराड्यापर्यंत पोहोचलेली होती.

या दृष्टीची पहिली परीक्षा महायुद्धाने घेतली. म्हैसूर संस्थानाचे चंदन हे त्याचे जुने वैभव. परंतु तेथील जंगलात तोडलेले लाकूड लिलावात विकले जाई, त्यातले पुष्कळ जर्मनीला जाई आणि तेल तेथे निघे. १९१४ साली युद्ध पेटले, जर्मनीची बाजारपेठ बंद झाली आणि चंदनाचे ओंडके पडून राहिले. संस्थानचे उद्योगखात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटरटन यांनी टाटा इन्स्टिट्यूटकडे धाव घेतली. तेथील अध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी चंदनाच्या गाभ्याचा आणि मुळांचा भुगा करून, वाफेच्या साहाय्याने त्यातून तेल काढण्याची रीत प्रयोगशाळेत बसवली. १९१६ साली बंगळूर येथे आणि पुढच्याच वर्षी म्हैसूर येथे तेलाचा कारखाना सुरू झाला. त्या तेलापासून साबण करण्याचे कामही लवकरच हाती घेण्यात आले. या साबणाच्या मागे सोसले गरलपुरी शास्त्री हे टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेले रसायनतज्ज्ञ होते. विशेष शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले होते. म्हैसूर सॅंडल साबणाची वडी आजही बाजारात मिळते.

हा प्रसंग मोठा उद्बोधक आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान अवघ्या दोन वर्षांत कारखान्यात उतरले. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कारखाना काढला तो दरबाराने. कच्चा माल दरबाराचा, भांडवल दरबाराचे, जोखीमही दरबाराचीच. विद्यापीठाने उद्योगाला ज्ञान दिले, तज्ज्ञ दिला. उद्योजक मात्र दिला नाही. पदवीधर कारखान्यात पोहोचला खरा. पण मालकाच्या नव्हे, कुशल अधिकाऱ्याच्या आसनावर.

त्या वेळी संस्थानच्या दिवाणपदी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. महाराष्ट्राला ते परके नव्हेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली. १९१२ ते १९१८ या दिवाणगिरीच्या काळात त्यांनी जे केले, त्याची नुसती यादी वाचली तरी एक सूत्र दिसते. १९१३ मध्ये म्हैसूर बँक; १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि त्याच वर्षी व्यापारी मंडळ; १९१७ मध्ये बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. ज्ञान, भांडवल आणि बाजारपेठेची ओळख या तीन गोष्टी त्यांनी चार-पाच वर्षांच्या आत एकाच शहराच्या आसपास आणल्या. विश्वेश्वरय्यांना हे पुरते उमगले होते, की केवळ शिकवण्याने कारखाने निघत नाहीत. शिकलेल्या तरुणाला कर्ज देणारी बँक नसेल आणि अनुभवी व्यापाऱ्याशी बोलण्याची सोय नसेल, तर त्याची विद्या वांझ राहते. आज ज्याला उद्योजकतेचे पोषक वातावरण म्हणतात, त्याची जुळणी या माणसाने असे शब्द रूढ होण्यापूर्वीच आरंभली होती.

याच काळात, बंगळूरच्या उत्तरेस, आपल्या मराठी मुलुखात एक निराळाच प्रयोग चालू होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी आपणांस डावलले गेले म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात भावासह सायकलींचे दुकान मांडले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. तेव्हा पहिले नांगर विकता विकता त्यांचा कस लागला. नगरपालिकेने जागा सोडावयास लावली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणरावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. एका तांत्रिक शिक्षणसंस्थेने हा उद्योजक घडवला असे म्हणावयाचे, तर त्याला बाहेर पडण्यास भाग पाडून घडवला, असे म्हणावे लागेल. परंतु कहाणी येथे संपत नाही. ज्याने स्वतः पदवी घेतली नाही, त्याने मुलाला मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्यापीठात पाठवले. शंतनुराव १९२६ साली तेथून पदवी घेऊन परतले. पुढे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ साली बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली. बंगळूरच्या कंपनीची धुरा लक्ष्मणरावांचे दुसरे पुत्र रवि किर्लोस्कर यांनी वाहिली. येथे विद्यापीठाची विद्या वाया गेली नाही. कारण ती घेऊन परतणाऱ्या तरुणाला घरी एक दुसरे विद्यापीठ मिळाले होते. ओतशाळेत वावरून, हिशेबाच्या वह्या पाहून आणि फसलेल्या मालाची चर्चा जेवणाच्या पंगतीत ऐकून जे शिक्षण होते, ते त्यांना लहानपणापासून लाभले होते.

खरा पेच आहे तो इथेच. ज्याच्या घरात पेढी नाही, ओतशाळा नाही, ज्याचा बाप कारकून किंवा शेतकरी आहे, त्या मुलाला हे दुसरे शिक्षण कोणी द्यावयाचे?

बंगळूरमध्ये काही काळ ते शिक्षण कारखान्यांनीच दिले. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली. कारखाना आला आणि त्याच्या पाठोपाठ शिक्षण आले. १९४२ च्या डिसेंबरात टाटा इन्स्टिट्यूटमध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभाच्या काळाशी विष्णु माधव घाटगे यांचे नाव निगडित आहे. कोल्हापूरकडचे हे विद्वान जर्मनीत गटिंगेन येथे प्रांड्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात उडाले. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, यांत्रिक हत्यारे आणि विद्युत उपकरणे यांचे सरकारी कारखाने एकामागून एक या शहरात आले. कर्झनसाहेबांच्या दुसऱ्या शंकेला जणू उत्तर मिळाले. पदवीधरांना काम मिळू लागले, आणि तेही सन्मानाचे व निवृत्तिवेतनाचे.

परंतु या सुखात एक धोका होता. उत्तम नोकरी हाच शिक्षणाचा शेवट ठरला. उद्योग निघाले ते एका आडवाटेने. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागत. ते बनवणाऱ्या लहान कर्मशाळा राजाजीनगर आणि पुढे पीण्या या औद्योगिक वसाहतींत निघाल्या. त्यांतील कित्येकांचे मालक कालपर्यंत त्याच मोठ्या कारखान्यांत लेथवर किंवा तपासणी विभागात काम केलेले होते. त्यांना मोजमापाची शिस्त माहीत होती, गिऱ्हाईक कोण हे माहीत होते आणि कोणता भाग बाहेरून घ्यावा लागतो हेही ठाऊक होते. उद्योजकतेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने याहून अधिक काय शिकवावे?

उद्योजक घडवण्याचे शास्त्र होऊ शकते काय, याचा पद्धतशीर प्रयोग या देशात झाला तो १९६४ च्या सुमारास, आंध्रातील काकीनाडा या गावच्या व्यावसायिकांवर. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की काही माणसांत काहीतरी साध्य करून दाखवण्याची प्रेरणा प्रबळ असते आणि ही प्रेरणा शिक्षणाने वाढवता येते. हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत काकीनाड्याच्या व्यावसायिकांना काही दिवस ठेवून असे शिक्षण देण्यात आले. त्या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण उद्योजक जन्मावा लागतो, ही समजूत त्याने ढिली केली. गुजरातने १९७० नंतर अशी शिबिरे भरवली. १९८२ साली केंद्र सरकारने विज्ञान-तंत्रज्ञान उद्योजकतेसाठी राष्ट्रीय मंडळ नेमले, १९८३ मध्ये अहमदाबादेत उद्योजकता विकास संस्था निघाली आणि १९८८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. प्रेरणा, बाजारपेठेची पाहणी, प्रकल्प अहवाल, परवाने आणि बँकेचे कर्ज अशी या शिक्षणाची पायरीपायरीची घडण साधारण त्याच काळात ठरून गेली.

आणि तरीही, त्याच वर्षांत बंगळूरचे नाव जगभर करणारी जी माणसे पुढे आली, ती या शिबिरांतून आलेली नव्हती. किरण मजुमदार यांनी १९७३ साली बंगळूर विद्यापीठाची प्राणिशास्त्राची पदवी घेतली, ऑस्ट्रेलियात मद्य आंबवण्याची विद्या संपादन केली आणि मायदेशी परतल्यावर त्यांना कळून चुकले, की या धंद्यात स्त्रीला प्रमुखाची जागा द्यावयास कोणी तयार नाही. १९७८ साली भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, त्यांनी बायोकॉन सुरू केली. पपईच्या चिकापासून विकरे काढणे हा तिचा पहिला उद्योग. आंबवण्याचे ज्ञान तेच होते. त्याचा विनियोग बदलला. येथेही एक गोष्ट विसरता कामा नये, की त्यांचे वडील स्वतः त्या विद्येतले जाणते होते. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी, दहा हजार रुपयांवरच, इन्फोसिस काढली आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला आली. या सातांचे उद्योगशिक्षण झाले होते ते त्यांच्या आधीच्या नोकरीत. एका कंपनीत एकत्र काम करताना त्यांनी धंदा पाहिला, परदेशी गिऱ्हाईक पाहिले आणि एकमेकांना पारखले.

मग विद्यापीठाचे काम कोणते? या प्रश्नाचे बंगळूरने दिलेले एक उत्तर इन्फोसिसशीच निगडित आहे. त्या सात संस्थापकांपैकी नादातूर राघवन यांच्या देणगीतून २००० साली बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत उद्योजकतेच्या शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पदवीधर तोवर प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या नोकऱ्यांत जात. नव्या केंद्राची रीत निराळी होती. केवळ व्याख्याने न देता उद्योग काढू पाहणाऱ्यांना काही काळ बसावयास जागा द्यावयाची, त्यांच्या कल्पनेवर अनुभवी माणसांकडून निर्दय प्रश्न विचारवून घ्यावयाचे, गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याची गरज समजून घ्यावयास लावावयाचे आणि हे सारे मोठे भांडवल गुंतण्यापूर्वी करावयाचे. घरात पेढी असलेल्या मुलाला जे जेवणाच्या पंगतीत मिळते, ते ज्याच्या घरी नाही त्याला संस्थेने मिळवून द्यावे, असा या रीतीचा मथितार्थ आहे. बाहेरच्या उद्योजकांना आणि पुढे विशेषतः स्त्रियांनाही हे दार उघडण्यात आले, ही तिची आणखी एक जमेची बाजू.

टाटा इन्स्टिट्यूटनेही आपल्या संस्थापकाचा उलटा क्रम पुन्हा हाती घेतला. १९९१ साली तिने नवोपक्रम आणि विकास यांसाठी एक स्वतंत्र सोसायटी स्थापिली. २००० साली संगणकशास्त्राच्या चार अध्यापकांनी जीवशास्त्रातील माहितीचे विश्लेषण करणारी स्ट्रँड ही कंपनी काढली. प्राध्यापकाने अध्यापन न सोडता कंपनी काढावी, ही आपल्याकडे तोवर सहज पचणारी गोष्ट नव्हती. याच मंडळींचा दुसरा प्रयत्न 'सिंप्युटर' नावाच्या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाचा. ज्याला इंग्रजी येत नाही, फारसे वाचताही येत नाही, अशा खेड्यातल्या माणसाला तो वापरता यावा, ही कल्पना उदात्त होती आणि जगात तिची वाहवा झाली. बाजारात मात्र तो अपेक्षेच्या मानाने फारच थोडा खपला. मोठ्या सरकारी मागण्या आल्या नाहीत, किंमत उतरली नाही आणि मोबाइल फोनने पुढे तीच जागा व्यापली. उत्तम यंत्र आणि चालणारा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या प्रयत्नाने शिकवला. ज्या संस्थेत असा प्रयत्न फसतो आणि तो फसवणाऱ्याला कोणी हसत नाही, तेथेच पुढचा प्रयत्न होतो.

याच्या अगदी उलट टोकाला एक दुसरे उत्तर आहे. १९९८ साली कर्नाटकात अभियांत्रिकीसाठी विश्वेश्वरय्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. त्याच्या २००६ च्या अभ्यासक्रमात अनेक शाखांच्या विद्यार्थ्यांना 'व्यवस्थापन आणि उद्योजकता' हा विषय सक्तीचा होता. हेतू चांगला होता. बंगळूरच्या डझनावारी महाविद्यालयांतून हजारो विद्यार्थ्यांच्या कानांवर प्रकल्प अहवाल, लघुउद्योग, वित्तसंस्था हे शब्द पडले. परंतु उद्योजकाचे प्रकार किती व कोणते, याचे दहा गुणांचे उत्तर पाठ करून लिहिणे आणि पहिल्या गिऱ्हाइकाचे दार ठोठावणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. योगायोग असा, की या विद्यापीठाचे मुख्य ठाणे बेळगावात आहे. त्याच बेळगावात शिक्षकी सोडलेल्या लक्ष्मणरावांनी सायकलींचे दुकान मांडले होते!

सक्तीच्या शिक्षणाविषयीची ही शंका केवळ आपल्याकडची नव्हे. नेदरलँड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून छोट्या कंपन्या चालवावयास लावल्या गेल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की त्यांच्या कौशल्यात लक्षणीय भर पडली नाही आणि उद्योग काढण्याची इच्छा तर उलट कमी झाली. काहींनी याला अपयश मानले. पण दुसऱ्या बाजूने पाहता, उद्योग हे आपले काम नव्हे, हे एखाद्याला वडिलांची जमीन गहाण पडण्यापूर्वी समजले, तर तेही शिक्षणच होय. याउलट २०१७ साली आफ्रिकेतील टोगो देशातील लहान व्यावसायिकांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे हिशेब व व्यवस्थापन यांच्या रूढ शिक्षणाऐवजी पुढाकार घेण्याची, संधी शोधण्याची आणि अडथळ्यांना न डगमगण्याची सवय शिकवण्यात आली, तेव्हा त्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. रूढ शिक्षणाचा परिणाम मात्र निश्चितपणे सांगण्याजोगा आढळला नाही. काकीनाड्याला अर्धशतकापूर्वी पेरलेल्या विचाराचा हा जणू उशिरा आलेला कोंब होय.

बंगळूरच्या या शतकाकडे मागे वळून पाहताना काही गोष्टी स्पष्ट दिसतात. विद्यापीठ उद्योजकाला ज्ञान देऊ शकते. चंदनाच्या तेलाने ते सिद्ध केले. ते त्याला सोबती देऊ शकते, कारण वर्गात आणि वसतिगृहात पारखलेला मित्र हा पुढे भरवशाचा भागीदार होतो. ते त्याला स्वस्तात चुका करू देऊ शकते. आणि ज्याच्या घरी धंद्याची परंपरा नाही, त्याला वडीलधाऱ्याचा सल्लाही मिळवून देऊ शकते. परंतु दोन गोष्टी विद्यापीठाच्या हाती नाहीत. पहिली, भांडवल व बाजारपेठ. त्यासाठी विश्वेश्वरय्यांनी बँक आणि व्यापारी मंडळ काढले होते. दुसरी, घरातल्या माणसांचे धैर्य. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, ज्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण त्याच्या पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसले आहे, त्या पदवीधराला साहसाचे धडे देणे सोपे आहे. साहसाची किंमत मात्र त्याचे कुटुंब मोजते. म्हणूनच काही शिक्षणसंस्थांनी, उद्योग फसल्यास एक-दोन वर्षांनी परत येऊन नोकरीच्या मुलाखतींस बसण्याची सवलत पदवीधरांना दिली. दिसावयास ती लहान आहे. पण अनेक व्याख्यानांपेक्षा तिचे मोल अधिक आहे. तिने साहसाची किंमत कुटुंबाच्या आवाक्यात आणली.

शहराचे नाव २०१४ साली अधिकृतपणे बंगळुरू झाले. जेथे एके काळी पडून राहिलेल्या चंदनाच्या ओंडक्यांची चिंता होती, तेथे आज नव्या कंपन्या रोज निघतात आणि रोज बंदही पडतात. त्यांतील थोड्या टिकतील; पुष्कळ विस्मृतीत जातील. परंतु १८९८ च्या अखेरच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे स्वरूप मात्र बदलले आहे. शिकलेल्या तरुणाला काम कोठे मिळेल, असे कर्झनसाहेबांनी विचारले होते. जमशेटजी त्याचे उत्तर ऐकावयास हयात राहिले नाहीत आणि आपण कल्पिलेल्या संस्थेची एकही इमारत त्यांनी पाहिली नाही. ते उत्तर त्यांच्या मागे, प्रयोगशाळेत, ओतशाळेत, भाड्याच्या गॅरेजमध्ये आणि फसलेल्या प्रयत्नांच्या हिशेबवह्यांत, हळूहळू लिहिले गेले. ते अजून पुरे झालेले नाही. एखाद्या शेतकऱ्याची वा कारकुनाची मुलगी पदवी हाती घेऊन, कोणाचीही ओळख नसताना, पहिल्या गिऱ्हाइकाचे दार ठोठावील आणि त्या वेळी तिच्या पाठीशी तिचे विद्यापीठ उभे असेल, त्या दिवशी त्या उत्तरातील आणखी एक ओळ लिहिली जाईल.